साल्किननं नाकारलेली पेटी

साल्किनच्या दुकानात डोकेदुखीची गोळी आणायला गेलेला माणूस डोकं आणखी दुखवून घेऊन परत येतो, असं किर्गिझस्तानातल्या आत-बाशीत सगळे म्हणायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. गोळी मागितली की तिचं सुरू व्हायचं. कुणाला हवीय? कधीपासून दुखतंय? पोटात आग पडते का? दुसरी कुठली औषधं चालू आहेत? बायकोसाठी असेल तर बायकोला दिवस गेलेत का? मग ती पाकीट काढणार, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढणार, पाकिटावरची तारीख वाचणार आणि पाकिटावर हात ठेवूनच म्हणणार, "आता तू मला सांग, ही घ्यायची कशी?"

"आत्ता तुम्हीच सांगितलंत की, एजे." एजे म्हणजे थोरली बहीण; गावभर तिला हेच म्हणत.

"मी सांगितलं ते मला माहीत आहे. तुझ्या डोक्यात किती शिरलं ते बघतेय."

मग डोंगरावरून घोडा हाकत आलेला, मिशांवर बर्फ साचलेला, मोठ्या कळपाचा धनी असलेला बाप्या शाळेतल्या पोरासारखा उभा राहून म्हणून दाखवायचा: जेवल्यावर एक, सकाळ-संध्याकाळ, आणि वर वोडका नाही. वोडकाचं विसरला की पुन्हा पहिल्यापासून. पण घरी गेल्यावर तोच माणूस पाकीट पुढे टाकून सांगायचा, "साल्किन एजेकडून आणलंय," आणि मग त्या औषधाबद्दल घरात कुणी शंका काढत नसे.

ती शिकली फ्रुंझेत. बिश्केकला तेव्हा फ्रुंझे म्हणत. शिकून आली ती थेट गावातल्या सरकारी औषधालयात. तिथे रशीदा नावाच्या एक वयस्कर तातार बाई मुख्य होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "बाटली उचलताना वाच, भरताना वाच, देताना वाच. तिसऱ्यांदा वाचायचा कंटाळा आला की त्या दिवशी रजा घे." साल्किननं रजा अशी कधी घेतलीच नाही.

पुढे सोव्हिएत देशच मोडला. औषधालयाला कुलूप लागलं आणि औषधं बाजारात आली. मेणकापडावर, उन्हात, मोजे आणि बॅटऱ्यांच्या शेजारी. गोळ्या वर्तमानपत्राच्या पुडीत सुट्या मिळायच्या आणि पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसायचं. पुष्कळांनी साल्किनला सांगितलं, तुला तर यातलं कळतं, तूही मांड की पथारी. तिनं मांडली नाही. ती वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात कणीक मळून काढली, लोकर दाबून केलेल्या नमद्याचे गालिचे शिवून काढली. जुन्या बेकरीच्या दोन खोल्या मिळाल्या तेव्हाच तिनं दुकान काढलं, आणि दुकानात आलेली पहिली वस्तू औषध नव्हतीच. तो होता भिंतीवर टांगायचा थर्मामीटर. तिचा नवरा जेकशेन शाळेत कवायत शिकवायचा. तो थर्मामीटरकडे बघून म्हणाला, "गिऱ्हाईक काय हवामान विचारायला येणार आहे?"

"गिऱ्हाईक नाही विचारणार. म्हणून तर मला बघायला हवं."

कपाटं तिनं खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला लावली. दिसायला जुळी भावंडं वाटावीत अशी खोकी ती कधी शेजारी ठेवत नसे. रक्तदाबाच्या गोळ्या आणि साखरेच्या आजाराच्या गोळ्या यांच्यामध्ये मुद्दाम मुलांच्या खोकल्याचं औषध उभं असायचं, पहारेकऱ्यासारखं. गोळ्यांची पट्टी ती कापून देत नसे. तारीख पट्टीच्या एका टोकालाच छापलेली असते, मग दुसरं टोक ज्याच्या घरी जाईल त्यानं काय बघायचं? गावाला हे सगळं नखरेल वाटायचं. ज्यांच्या गावी ऊन कडक, त्यांची औषधं उन्हानं नासतात. आत-बाशीत ती थंडीनं नासतात, हे मात्र सगळ्यांना मान्य होतं. हिवाळ्यात थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोठते म्हणणारे लोक होते तिथे. कडाका वाढला की जेकशेन आपली वाकळ घेऊन दुकानात झोपायला जायचा, कोळशाची शेगडी विझू नये म्हणून. "लग्न केलं तेव्हा कळलं नव्हतं," तो मित्रांना सांगायचा, "की म्हातारपणी खोकल्याच्या बाटल्यांना थोपटत झोपावं लागेल." सांगायचा, पण जायचा.

त्या जानेवारीत वादळानं दोलोनचा घाट बंद पडला. बिश्केकहून येणारा सगळा माल त्याच घाटातून यायचा. दुकानातलं इन्सुलिन संपत आलं होतं. तालुक्यात ज्यांना रोज सुई टोचून घ्यावी लागते ते सगळे साल्किनकडूनच कुप्या न्यायचे, आणि ते सगळे आता दिवसातून एकदा तरी दारात डोकावून जात होते. शेवटी एका सकाळी शाबदानची मालाची गाडी दारात थांबली. शाबदान हा त्या रस्त्यावरचा जुना चालक, गालफडं लाल, तोंडानं फटकळ. बूट आपटत तो आत आला आणि पांढरी पेटी काउंटरवर ठेवून म्हणाला, "घ्या एजे. मी आलो म्हणून गाव वाचलं. आधी चहा."

दुकानात गुलबार्चिन बसली होती. तिच्या मुलीला, बेगायिमला, शाळेत जायच्या वयातच साखरेचा आजार जडला होता. पेटी बघून गुलबार्चिनच्या जिवात जीव आला. ती लगबगीनं उठली.

साल्किननं पेटीला हात लावला नाही. तिनं विचारलं, "काल रात्री कुठे होतास?"

"घाटाच्या पायथ्याला. रस्ता पहाटे उघडला. ओळखीच्यांकडे झोपलो."

"आणि पेटी?"

"पेटी गाडीत."

"इंजिन चालू ठेवून?"

"रात्रभर इंजिन कोण चालू ठेवतं, एजे? डिझेल काय नदीतून येतं?"

"रात्री किती थंडी होती ठाऊक आहे ना तुला?"

"म्हणजे काय! म्हणून तर आत झोपलो."

"शाबदान," साल्किन म्हणाली, "गाडीत कालचं जन्मलेलं कोकरू असतं, तर ते तिथेच ठेवून झोपायला गेला असतास?"

"कोकरू जिवंत असतं. हे औषध आहे."

"हे पण एकदा गोठलं की मेलंच."

शाबदाननं पेटीची टेप टराटरा फाडली आणि एक कुपी काढून खिडकीसमोर धरली. "हे बघा. पाण्यासारखं स्वच्छ. कुठे बर्फ आहे? सांगा, कुठे आहे?"

अडचण नेमकी तीच होती. तसलं इन्सुलिन गोठून पुन्हा वितळलं तरी नजरेला काही कळत नाही. कुपी तशीच दिसते, सुई तशीच भरते, फक्त शरीरात गेल्यावर त्याचा भरवसा राहत नाही. गोठलं की रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात, पण एवढ्या लहान दुकानाच्या पेटीत त्या कोण घालणार? तेव्हा साल्किननं आपला एक उपाय काढला होता. बिश्केकच्या गोदामात पेट्या बांधणाऱ्या बाईला फोन करून ती हिवाळ्यात दर पेटीत एक कच्चं अंडं ठेवायला लावायची, कापसात गुंडाळून, कुप्यांच्या अगदी मधोमध. गोदामातल्या बाया आधी खूप हसल्या होत्या. मग सवय झाली.

तिनं कापूस उलगडला. अंड्याला लांबच्या लांब चीर गेली होती.

"धक्क्यानं फुटलं," शाबदान लगेच म्हणाला. "रस्ता कसा आहे बघितलाय का?"

साल्किननं आतून दोन बशा आणल्या. एका बशीत तिनं स्वतःच्या घरचं ताजं अंडं फोडलं; बलक पसरला, हलवला की डुलायला लागला. दुसऱ्या बशीत पेटीतलं अंडं फोडलं. पांढरं वाहून गेलं आणि बलक मध्ये तसाच बसून राहिला, मळलेल्या कणकेच्या गोळीसारखा. तिनं तो दोन बोटांत धरून शाबदानच्या तळहातावर ठेवला. "धक्क्यानं असं होतं? बलक असा होतो तो गोठल्यावरच."

शाबदाननं तो बलक बशीत टाकला, हात विजारीला पुसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बरं. तुम्हाला नको तर नको. मी पुढच्या खोऱ्यात देतो. तिथले लोक अंडी खातात, त्यांची चौकशी करत नाहीत."

त्यानं पेटी उचलली. साल्किननं दुसऱ्या बाजूनं धरली. तो तिच्यापेक्षा तरुण आणि ताकदीचा. त्यानं ओढली तशी साल्किन काउंटरच्या कडेनं फरफटत बाहेर आली. पेटी जमिनीवर टेकली आणि साल्किन सरळ तिच्यावर बसली. साठीची, भरल्या अंगाची बाई, पांढरा कोट, डोक्याला रुमाल, दुकानाच्या मधोमध पेटीवर ठाण मांडून.

"उठा, एजे. लोक बघतायत."

"बघू देत. गुलबार्चिन, जेकशेनला हाक मार. आणि आरोग्य खात्यात फोन लाव, म्हणावं साक्षीदार पाठवा, माल नष्ट करायचाय. तोवर मी उठत नाही."

गुलबार्चिन हलली नाही. ती हलक्या आवाजात म्हणाली, "एजे, अगदीच सगळं खराब झालं असेल का? थोडं तरी चालेल, नाही का? माझ्याकडे घरी काहीच उरलेलं नाही."

साल्किनला ते वाक्य आतपर्यंत लागलं. शाबदानशी भांडणं सोपं होतं. ती पेटीवर बसूनच म्हणाली, "तू सुई टोचशील, पोरगी झोपेल, आणि तुला वाटेल औषध दिलंय. ते वाटणंच वाईट. औषध नाही हे माहीत असलं तर आपण धावपळ तरी करतो."

फ्रीजमध्ये शेवटची एक कुपी होती. चांगली, आधीच्या पेटीतली. गुलबार्चिनची हाक ऐकून जेकशेन आला आणि पेटीवर बसला, तेव्हा साल्किन उठली आणि ती कुपी तिनं गुलबार्चिनला दिली. देताना वाचायचं तसं वाचलं, तारीख, नाव, मात्रा, आणि गुलबार्चिननं रडत रडत सगळं म्हणून दाखवलं.

ती कुपी खरं तर दुसऱ्याच कुणासाठी राखलेली होती. जेकशेनचे थोरले भाऊ मागच्याच गल्लीत राहायचे. घराण्यातले सगळ्यांत मोठे, पांढऱ्या दाढीचे, तापट. त्यांनाही रोज सुई लागायची. सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषाचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नाही, ही तिकडची रीत. म्हणून साल्किन लग्न होऊन आल्यापासून त्यांना मिर्झा आबा म्हणायची. दुकान निघाल्यावर त्यावरून भलतीच पंचाईत झाली. औषध देताना रोग्याचं नाव मोठ्यानं वाचायचं हा तिचा नियम, आणि आबांच्या कागदावर तर 'ओसमोन' लिहिलेलं. तेव्हापासून आबांची बायको सेयिल, म्हणजे साल्किनची थोरली जाऊ, औषध न्यायला आली की साल्किन कागद तिच्यापुढे धरायची. सेयिलनंही नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग दोघी रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला तरी आत बोलवायच्या. एकदा पोस्टमन, एकदा मेंढ्यांचा डॉक्टर, आणि तो आत येऊन गंभीरपणे "ओसमोन" म्हणून निघून जायचा.

त्या दिवशी आबा स्वतःच आले. बातमी त्यांच्या आधी गल्लीतून फिरून आली होती. काठी टेकत ते काउंटरपाशी उभे राहिले. साल्किननं रुमाल पुढे ओढून मान खाली घातली.

"माझी कुपी परक्या पोरीला दिलीस म्हणे, सूनबाई."

"दिली, आबा. त्या पोरीचं शरीर स्वतः थेंबभरही इन्सुलिन बनवत नाही. तुमचं थोडं बनवतं. तुम्ही काही दिवस नारिनच्या इस्पितळात जा. तिथे लक्ष ठेवतील, पथ्य देतील. मी तोवर नवीन आणते."

"मी इस्पितळात जायचं? घरात औषधाचं दुकान असताना?"

"दुकान घरचं आहे, आबा. औषध गावाचं आहे."

"मग ती पेटी आहे ना? त्यातली दे. माझ्या जबाबदारीवर घेतो."

"नाही."

"मी मागतोय."

"ऐकलं, आबा. तरी नाही."

चाळीस वर्षांत साल्किननं त्यांना 'नाही' म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. चहा द्यावा, घोड्याचा लगाम धरावा, वाकून नमस्कार करावा, यात तिनं कधी उणं पडू दिलं नव्हतं. आबांनी काठी उचलली, जमिनीवर एकदाच आपटली आणि जेकशेनकडे वळून म्हणाले, "तुझ्या घरचं पाणी मला यापुढे वर्ज्य." आणि गेले. इस्पितळात जायचं मात्र त्यांनी नावच काढलं नाही.

दुपारी आरोग्य खात्याच्या माणसासमोर कुप्या नष्ट झाल्या. शाबदान भिंतीला टेकून बघत उभा होता. सगळं आटोपल्यावर साल्किन कोट काढून जाड मेंढीकातड्याचा कोट चढवायला लागली, तसा तो म्हणाला, "कुठे निघालात?"

"बिश्केकला. तू नेणार आहेस."

"मी? आत्ताच तर आलो!"

"म्हणून तर तुला रस्ता पाठ आहे."

शाबदान गाडी तापवायला गेला.

जाताना साल्किन काचेकडे तोंड करून बसली. खिडकीबाहेर नुसता पांढरा डोंगर सरकत होता. आबांना काही झालं तर? घराण्यातला कर्ता माणूस सुनेच्या हट्टापायी गेला, असं लोक म्हणतील, आणि सात पिढ्या म्हणत राहतील. जेकशेननं निघताना तिच्या पिशवीत भाकरी आणि सुकं मांस भरून दिलं होतं; तो रागावला नव्हता, पण तिच्या डोळ्याला डोळाही भिडवला नव्हता. तिनं आपण केलं ते बरोबरच आहे असं पुन्हा पुन्हा मनाशी म्हटलं आणि तरी डोळे भरून आले. शाबदाननं ते आरशात बघितलं. इतका वेळ सिनेमाची गाणी म्हणत होता, ती थांबवून त्यानं हीटर वाढवला.

गोदामातून नवी पेटी घेतल्यावर परतीचा प्रवास म्हणजे एक तमाशाच होता. साल्किननं पेटी नमद्यात गुंडाळून मांडीवर घेतली, आत तारेच्या छोट्या थर्मामीटरची तार सोडली आणि आकडा बघत बसली. गाडी गरम झाली की, "शाबदान, हीटर कमी कर." थोड्या वेळानं, "शाबदान, हीटर वाढव."

"एजे, बाळंतिणीलासुद्धा एवढं जपत नाहीत. नाव साल्किन, म्हणजे गार झुळूक, आणि सकाळपासून मला भट्टीसारखं भाजताय."

"कमी कर म्हटलं ना."

"केलं हो! माझे पाय गोठले तर चालतील. पायांत कुठे अंडं ठेवलंय!"

साल्किनला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

घाटाच्या पायथ्याशी पुन्हा ट्रकची रांग लागली होती. वर बर्फ काढायचं काम चालू होतं. सकाळशिवाय रस्ता मिळणार नव्हता. शाबदान तिला त्याच ओळखीच्या घरी घेऊन गेला, आणि या वेळी पेटी त्यानं स्वतः कोटाच्या आत धरून नेली. घरची बाई आदरातिथ्याला पक्की. तिनं पेटीला सगळ्यांत मानाची जागा देऊ केली, शेगडीच्या उशाशी. साल्किननं थर्मामीटर धरून बघितलं आणि मान हलवली. खिडकीत? नको. ओसरीत, बुटांपाशी? तिथे तर पाणीही गोठलं होतं. हातात थर्मामीटर घेऊन ती खोलीभर फिरत राहिली, घरातली माणसं तिच्या मागे मागे, आणि शेवटी दाराजवळच्या कोपऱ्यात, जिथे त्या आठवड्यात जन्मलेली दोन कोकरं गवतावर झोपली होती, तिथे आकडा हवा तसा टेकला. पेटी कोकरांच्या शेजारी ठेवली. शाबदान जेवायलाही पेटीकडे तोंड करूनच बसला.

सकाळी घाट उघडला. गावात पोचल्यावर साल्किन दुकानाकडे वळलीच नाही. आधी गुलबार्चिनच्या दारात गाडी थांबवून कुपी दिली, मग मागच्या गल्लीत शिरली. सेयिल अंगणातच भेटली, डोळे सुजलेले. "काही ऐकत नाहीत गं. घटाघटा पाणी पितायत, नजर धूसर झालीय म्हणतात. डॉक्टर घरी येऊन गेले, त्यांच्याशीही भांडले. डॉक्टर बिचारे औषध आलं की लगेच बोलवा म्हणाले."

"बोलव. आत्ताच."

आत आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ओठ कोरडे, चेहरा ओढलेला. साल्किन दारातच गुडघ्यावर बसली आणि पेटी पुढे सरकवली. डॉक्टर आले, त्यांनी साखर तपासली, मात्रा सांगितली, सुई भरली. आबांनी भिंतीकडे बघतच दंड पुढे केला.

संध्याकाळपर्यंत त्यांची तहान कमी झाली. दुसऱ्या दिवशी ते उठून बसले आणि सेयिलवर चहा पातळ झाला म्हणून ओरडले, तेव्हा साल्किनला दुकानात निरोप गेला आणि ती मागच्या खोलीत जाऊन, दार लावून, पोटभर रडली.

आबांनी साल्किनशी बोलणं मात्र सुरू केलं नाही. वसंतातला नवरोझचा सण आला, सगळं घराणं एका कढईभोवती जमलं, साल्किननं वाकून नमस्कार केला. आबांनी आशीर्वादाचा हात वर केला आणि नजर आभाळाकडे ठेवली. तिनं समजूत घातली नाही, माफी मागितली नाही. नमस्कार मात्र पूर्वीइतकाच वाकून करत राहिली. जेकशेननं एकदा विचारलं, "एवढं कुढतेस, तर पुन्हा तशी वेळ आली तर काय करशील?" तर ती म्हणाली, "पुन्हा कुढेन."

गोदामवाल्यांनी पुढच्या हिवाळ्यापासून तिच्या पेटीत रंग बदलणाऱ्या पट्ट्या घालायला सुरुवात केली, आणि मग त्या रस्त्यावरच्या बाकीच्या दुकानांनाही. यासाठी ती किती वेळा फोनवर भांडली ते त्या बायांनाच ठाऊक. शाबदान इतर चालकांना शिकवू लागला की औषधाची पेटी घेतली असेल तर मुक्कामाला तिला आत न्यायची. कुणी हसलं तर म्हणायचा, "हसू नकोस. ती बाई पेटीवर बसते. मी ओढून बघितलीय."

लोकर कातरायचे दिवस आले तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, दुकानात दोन-चार माणसं. काठीचा आवाज आला आणि आबा आत आले, बरोबर त्यांच्या वयाचा एक पाहुणा, वरच्या कुरणावरून उतरलेला. पाहुण्याचे डोळे लाल होते आणि हातात बाजारात घेतलेली डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली. साल्किननं रुमाल पुढे ओढला, वाकली, आणि बाटलीसाठी हात पुढे केला. पाहुणा कचरला. नवी बाटली आहे, कालच घेतलीय, कशाला दाखवायची, असं काहीतरी पुटपुटला.

"दाखव," आबा म्हणाले.

"अरे, पण हिनं नको म्हटलं तर?"

"नको म्हटलं तर टाकून दे." आबा बाकावर बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या सूनबाईंनी मलासुद्धा नाही म्हटलंय."

साल्किननं चष्मा नाकावर ओढला आणि बाटली दिव्यापाशी नेली. वाचायला जरा वेळ लागला, कारण अक्षरं हलत होती. तारीख मागच्या वर्षीच संपली होती. तिनं तसं सांगितलं. पाहुणा चिडला, बाजारवाल्याच्या नावानं बोटं मोडली, मग साल्किनच्या नावानंही मोडली, आणि शेवटी नवी बाटली घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"आता मला सांगा," ती म्हणाली, "ही घालायची कशी?"

पाहुण्यानं मदतीसाठी आबांकडे बघितलं. आबांनी दाढीवरून हात फिरवला. "सांग, सांग. हिच्या हातून सुटका नाही."